आठच्या आत लाल टॉवेल

मी अंग पुसत होतो आणि पाच म्हातारे कुलूप उघडून आत आले.

सगळ्यात पुढे गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक बाई. त्यांच्या मागे एकाच्या हातात किल्ली, एकाच्या हातात घडी घातलेली पांढरी चादर आणि उरलेल्या दोघांनी दोन टोकांना धरलेलं स्ट्रेचर. माझ्याजवळ त्या वेळी एकच टॉवेल होता, लाल, आणि तो डोकं पुसण्यात गुंतला होता.

"हा मेलेला नाही," चादरवाले म्हणाले. फेरी फुकट गेल्याचा थोडा सूर होता त्यात.

"हा तो नाहीच," बाई म्हणाल्या. "मेकॅनिक कुठेय?"

मामा मागच्या दाराने आला. हातात अवजारांची पेटी, पायात चपला उलटसुलट. त्याने बाईंकडे पाहिलं, स्ट्रेचरकडे पाहिलं आणि मग माझ्या डोक्यावरच्या लाल टॉवेलकडे पाहिलं. माणसाच्या तोंडचं पाणी पळतं म्हणजे काय होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा समोरून पाहिलं.

"बाई, हा भाचा माझा. काल संध्याकाळी आलाय. त्याला काय माहीत? मी साडेसातलाच लावला होता हो टॉवेल."

"आठ वाजता कठड्यावर नव्हता."

"वाळत घातलाय असं वाटलं," मी म्हणालो. "माझा बॅगेत तळाला होता."

"टॉवेल आता खाली घेतलास तरी चालेल," बाई म्हणाल्या. मी घेतला. त्यांनी खिशातून डायरी काढली, लाल पेनाने एक फुली मारली आणि डायरी मामाला दाखवली. "दुसरी."

पाचही जण रांगेने बाहेर गेले. मामा पेटी हातात तशीच धरून उभा होता. मला वाटलं आता शिव्या घालणार. पण तो इतकंच म्हणाला, "तुझा टॉवेल कुठला रंग आहे?"

"निळा."

"बरं झालं," मामा म्हणाला आणि खाली बसला.

माझा मामा अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता, त्यातली तीस परदेशात. दर वर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी परत येतो. पुढचं वर्ष काही आलं नाही. मग तो आणि मामी तिथेच, या तळ्याकाठी राहायला आले. तळ्याभोवती चाळीस बैठी घरं, आणि सगळी आपल्याच भाषेची, त्याच्यासारखीच पुढच्या वर्षी परत जाणारी माणसं. ज्यांनी तरुणपणी शेजाऱ्यांच्या चौकशांना कंटाळून देश सोडला, ती म्हातारपणी एकमेकांच्या खिडकीत डोकवायला एका तळ्याभोवती जमली. दोन वर्षांपूर्वी मामी गेली. तेव्हापासून मामा एकटा.

मला आईने पाठवलं होतं. मी तेव्हा दोन नोकऱ्यांच्या मधे होतो आणि हे मधे असणं तिसरं वर्ष चाललं होतं, त्यामुळे घरात मोकळा असा मीच. "दहा दिवस राहा," आई म्हणाली होती. "दादाचं डोकं ठिकाणावर आहे का तेवढं बघ. फोनवर मला तीच गोष्ट तीनदा सांगतो."

"तू पण सांगतेस."

"मी मुद्दाम सांगते," आई म्हणाली.

तर नियम असा होता. प्रत्येक घराला वसाहतीच्या समितीने एक लाल टॉवेल दिलेला. सकाळी आठच्या आत तो तळ्याकडच्या कठड्यावर लावायचा. टॉवेल दिसला म्हणजे घरातला माणूस उठलाय, हिंडतोफिरतोय आणि आज कुठला दिवस हे त्याला कळतंय. आठला हेडबाई तळ्याला फेरी मारायच्या. त्या खऱ्याच हेडमास्तरीण होत्या, निवृत्त झाल्या ते फक्त पगारापुरतं. टॉवेल नसला की शिट्टी. शिट्टी झाली की सभागृहाच्या फळीवरची किल्ली, चादर आणि स्ट्रेचर. वर्षात तीन फुल्या झाल्या की समिती बसायची, आणि समिती बसली की माणूस वरच्या इमारतीत जायचा.

हे सगळं सुरू झालं ते एका निवृत्त पोस्टमास्तरमुळे. ते तळ्याकडे तोंड करून खुर्चीत बसलेले असायचे आणि फिरायला जाणारा प्रत्येक जण त्यांना हात करायचा. अकरा दिवसांनी कळलं की ते अकरा दिवसांपूर्वीच गेलेत. यातली खरी भीतीची गोष्ट वेगळीच होती. निम्म्या लोकांचं म्हणणं होतं की ते उलट हात करायचे.

वरची इमारत टेकडावर होती. चार मजली, पांढरी, कुठूनही दिसायची. मी दुसऱ्या दिवशी सहज बघून आलो. तिथे सगळं चांगलं होतं, आणि त्यानेच मला धडकी भरली. भिंतींना पकडायला दांडे, जेवायला मऊ, बोलायला गोड माणसं. खिडकीत एक आजोबा उभे होते. त्यांनी मला हात केला. मी केला नाही. त्या पोस्टमास्तरांची गोष्ट ऐकल्यापासून मी ठरवलं होतं, आधी खात्री करायची.

"चांगलीय की जागा," मी मामाला म्हणालो.

"खोलीच्या दाराला आतून कडी पाहिलीस?"

"नाही."

"नाहीच आहे. बाहेरून उघडतं फक्त." मामा पान्याला तेल लावत होता. लावून झालं होतं, तरी लावत होता. "अडतीस वर्षं मी काय केलं सांग? आतून उघडत नाही असलं दार बाहेरून उघडलं. आत अडकलेल्या माणसाचा आवाज ऐकलायस कधी? मोठमोठे साहेब लहान पोरासारखे रडतात. मी बाहेरून सांगायचो, घाबरू नका, मी आलोय, बोलत राहा. बोलत राहिलं की माणूस टिकतो. आता तिथे मी आत, आणि बाहेर कोण? ती गोड बोलणारी?"

"पण तुला कोण नेतंय मामा? तू तर ठणठणीत आहेस."

मामाने माझ्याकडे बघितलं. "दुसरी फुली तुझी, ते ठीक. पहिली माझी होती," तो म्हणाला. "टॉवेल लावायचा राहिला नव्हता. टॉवेल हातात धरून मी कठड्याशी उभा होतो. सव्वा आठपर्यंत. हा कशाला आणलाय तेच आठवेना."

मग तो हसला आणि मला फ्लशच्या टाकीची साखळी कशी ओढायची ते दाखवायला घेऊन गेला. सकाळीही दाखवलं होतं. मी नव्याने बघितल्यासारखं बघितलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "डोकं?"

"ठिकाणावर आहे," मी म्हणालो. ठिकाण कुठलं ते तिने विचारलं नाही.

शेजारच्या घरात कॅप्टन राहायचा. कॅप्टन कधीच कॅप्टन नव्हता, जहाजावर स्वयंपाकी होता. पण बावीस वर्षं ज्याच्या हातचं खाऊन चार कॅप्टन सुटलेल्या पोटाने घरी गेले, त्याला निदान पदवी मिळायला हवी, असं मामाचं मत. दोन्ही घरांची एक भिंत सामाईक. रोज सकाळी साडेसातला त्या भिंतीवर पलीकडून तीन टकटक यायच्या, चमच्याने वाजवल्यासारख्या. त्या आल्या की मामा म्हणायचा, "हां, हां," आणि टॉवेल उचलायचा. मग अवजारांची पेटी घेऊन कॅप्टनकडे.

"कशाला?"

"नळ गळतो त्याचा."

"रोज?"

"गळका नळ सुट्टी घेत नाही."

मामा गेला की भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा. एकट्याचाच. "चला साहेब. घाबरायचं नाही. डावा हात इथे. बास, बास. आता पहिला मजला." मग कसलंतरी करकरणं. मग हसणं, तेही एकट्याचं. मग आठला पाच मिनिटं असताना कॅप्टनच्या कठड्यावर लाल टॉवेल यायचा आणि त्यापाठोपाठ मामा.

चार दिवस झाले तरी मी कॅप्टनला पाहिलं नव्हतं. खिडकीला पडदा. दाराबाहेर चप्पल नाही. मी हेडबाईंना विचारलं, कॅप्टन कसे आहेत, तर त्यांनी डायरी उघडून दाखवली. "उत्तम. या वर्षात एक फुली नाही. तुझ्या मामाने त्याच्याकडून शिकावं."

पाचव्या दिवसापासून मी कॅप्टनच्या खिडकीखाली जाऊन हुंगायला लागलो. सांगायला बरं वाटत नाही, पण पोस्टमास्तर डोक्यात बसले होते. फोडणीचा वास यायचा, साबणाचा यायचा. मला वाटायचं, मेलेल्या माणसाला रोज साबण लावत असेल मामा. मेलेल्या माणसाशी बोलत असेल. मग टकटक कोण करतं? इथपर्यंत आलं की मी माझा निळा टॉवेल घट्ट धरून बसायचो.

"मामा, मी येऊ कॅप्टनकडे? ओळख करून घेतो."

"लाजतो तो."

"जहाजावरचा स्वयंपाकी लाजतो?"

"जमिनीवर लाजतो," मामा म्हणाला आणि विषय संपवला.

आठव्या दिवशी तळ्यावर धुकं होतं. समोरची घरं गेली, मग तळं गेलं, मग आमचा कठडासुद्धा जेमतेम उरला. साडेसातला टकटक आली. मामाने टॉवेल लावला, पेटी घेतली आणि गेला. मी चहा ठेवला आणि भिंतीला कान लावला. एव्हाना सवयच झाली होती.

"चला साहेब," मामाचा आवाज. "घाबरायचं नाही."

करकरणं सुरू झालं आणि थांबलं.

मग काहीच नाही. हसणं नाही, मजला नाही. चहा उतू गेला तरी काही नाही. पावणेआठ. मी बाहेर येऊन पाहिलं, कॅप्टनचा कठडा रिकामा. आठला दहा कमी. रिकामा. आठ दिवस मी घाबरत होतो ते मामाच्या एकट्याच्या आवाजाला. आता कळलं की तो आवाज होता तेच बरं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेलो.

कॅप्टन जिवंत होता आणि जमिनीपासून दोन फूट वर होता.

छताच्या तुळईला कप्पी होती. कप्पीवरून दोर. दोराच्या एका टोकाला जाड कापडाची झोळी आणि झोळीत पाय पसरून बसलेला कॅप्टन. दुसऱ्या टोकाला वाळूने भरलेल्या दोन बादल्या, एकमेकींना नीट आवळून बांधलेल्या. मामाने त्या खोलीत लिफ्ट बांधली होती. पलंगापासून खुर्चीपर्यंतची, एका माणसाची. कॅप्टनची उजवी बाजू ओघळली होती, तोंड एका कडेने खाली आलं होतं. डाव्या हाताला चमचा बांधलेला होता. बऱ्याच दिवसांपूर्वीचा अर्धांगाचा झटका असणार. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, दाढी केलेली होती आणि भांग इतका सरळ की माझ्याहून तोच बरा दिसत होता.

मामा दोर धरून उभा होता. तो कॅप्टनकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर अतिशय अदब होती, अनोळखी माणसाशी असते तशी.

"कुठला मजला, साहेब?" मामा म्हणाला.

कॅप्टनच्या घशातून एक आवाज आला. शब्द नव्हता.

"कुठला मजला?"

मी धावलो आणि दोर धरला. वाळू कॅप्टनहून बरीच हलकी होती. दोर सोडला असता तर वाळू वर आणि कॅप्टन खाली, फरशीवर. मामाची बोटं दोरापासून मीच एकेक करून सोडवली. तळव्यांवर वळ उठले होते. कॅप्टन डाव्या हातातल्या चमच्याने माझ्या मागे कुठेतरी दाखवत होता, पुन्हा पुन्हा. मी मान वळवली. मागे टेबल, टेबलावर घडी घातलेला लाल टॉवेल. भिंतीवरच्या घड्याळात आठला तीन कमी.

बरोबर. टॉवेल.

"मामा, टॉवेल! टॉवेल लाव!"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं, पण मी ओरडतोय म्हणजे कोणीतरी अडकलंय एवढं कळलं. त्याने टॉवेल उचलला. उलगडला. दाराकडे दोन पावलं गेला. थांबला. टॉवेलकडे बघत राहिला. मग परत आला आणि त्या टॉवेलने कॅप्टनच्या ओठाच्या कडेला आलेली लाळ हळूच पुसली. मग मान पुसली. मग कपाळ.

"घाबरू नका," मामा त्याला म्हणाला. "मी आलोय. बोलत राहा."

कॅप्टनचा चमचा हवेतच थांबला.

धुक्यात शिट्टी वाजली.

तो चमचा टेबलाच्या वर, भिंतीतल्या लोखंडी खटक्याकडे दाखवत होता, हे मला नंतर कळलं. दोराचा पीळ त्यात अडकवला की दोर हलत नाही. मग दोन्ही हात मोकळे, आणि तीन मिनिटांत माणूस टॉवेल लावून, शिवाय चहा करून येऊ शकतो. रोज तो खटका मामाला कॅप्टनच दाखवायचा. टकटक करून मामाला मामाचा टॉवेल आठवून देणाराही कॅप्टनच. एकाकडे हातपाय, दुसऱ्याकडे डोकं. दोघांत मिळून एक धडका माणूस होता आणि तो दीड महिना रोज आठच्या आत हजेरी देत होता. मी मधे आलो आणि टॉवेलकडे बघितलं.

पाच जण आत आले. स्ट्रेचरवाल्यांनी स्ट्रेचर खाली ठेवलं आणि कॅप्टनला खालून आधार दिला. किल्लीवाल्यांनी माझ्या हातातला दोर घेतला. कॅप्टनला खुर्चीत बसवल्यावर हेडबाईंनी डायरी काढली, पानं मागे मागे उलटली आणि त्या स्टुलावर बसल्या.

"सत्तेचाळीस दिवस हा मला बाहेर दिसलेला नाही," त्या म्हणाल्या. "रोज मी इथे बरोबरची खूण केली. कापड बघून."

"खूण खोटी नाहीय बाई." मामाचा आवाज आला. तो परत आला होता. कुठून ते त्यालाच माहीत. चेहऱ्यावर रंग होता आणि घाम. "माझी पद्धत आहे. काम पूर्ण झाल्याशिवाय 'लिफ्ट चालू' ही पाटी मी कधी लावली नाही. कॅप्टन उठून, तोंड धुऊन खुर्चीत बसला की मगच टॉवेल. एक दिवससुद्धा आधी लावला नाही. विचारा त्याला."

कॅप्टनने चमचा खुर्चीच्या दांड्यावर वाजवला. एकदा, ठाम.

हेडबाईंनी लाल पेन उघडलं. मग बंद केलं. "आता मला दिसलंय रे मेकॅनिक," त्या म्हणाल्या. "दिसलं नसतं तर बरं झालं असतं. उद्या तू त्याला तिथे वर धरून उभा राहशील आणि हा नसेल." हा म्हणजे मी.

मामाने वाद घातला नाही. कप्पीकडे बघत म्हणाला, "दोघांना एकत्र नेणार असाल तर."

"एकत्र," बाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून मुठीत धरली होती.

त्या संध्याकाळी आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा घाबरलाय का?"

"नाही," मी म्हणालो. "मी घाबरलोय."

दोन दिवसांनी आम्ही वर गेलो. इमारतीच्या दारात एक गोड बोलणारी नर्स होती. तिने कॅप्टनची चाकाची खुर्ची धरली. मामाने पेटी आणली होती. नर्स म्हणाली, "आजोबा, पेटी इथे ठेवा हं." मामा म्हणाला, "बरं हं," आणि ठेवली नाही.

त्यांची खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आली. आम्ही सगळे आत शिरलो. मी, मामा, नर्स, कॅप्टन आणि त्याची खुर्ची. मामाने आत आल्याबरोबर तळवा भिंतीवर ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. वळ अजून गेले नव्हते. मग त्याने दाराजवळची पितळी पट्टी वाचली.

"चार माणसं," तो म्हणाला. "खुर्चीसकट कॅप्टनची दोन धरायची. तू उतर."

"मामा, मी बारीक आहे."

"वजनात चेष्टा नाही. उतर."

मी उतरलो. दार बंद व्हायला लागलं. फटीतून मला मामा दिसत होता, पेटी छातीशी धरलेला, नजर वर, कान देऊन उभा. माझ्याकडे बघत नव्हता. मग दार लागलं, बाहेरून गुळगुळीत, कुठे धरायला जागा नाही असं.

दारावरचा आकडा बदलला. एक. दोन. तीनवर जरा जास्तच थांबल्यासारखा वाटला. मी दाराच्या फटीला तोंड लावलं. मागे कोणी बघतंय का हेही पाहिलं नाही.

"मामा!" मी ओरडलो. "घाबरू नकोस, मी इथे आहे! बोलत राहा!"

आकडा चारवर गेला. वर कुठेतरी दार सरकलं. खूप वेळ काहीच आलं नाही. मग त्या लांब काळ्या विहिरीतून चमच्याची एक टकटक आली आणि तिच्यामागून मामाचा आवाज, स्वच्छ, कामावर असलेल्या माणसाचा.

"मजल्याच्या दोन सूत खाली थांबलीय. खुर्चीचं चाक उचलून घ्या, बाई. उद्या बघतो मी हिच्याकडे."